आत्याबाईंचं उठणं-बसणं

मी लग्न होऊन बालाघाटला आले, तेव्हा नागपूर तिकडे महाराष्ट्रात गेल्याला आणि आम्ही इकडे राहिल्याला चार-पाच वर्षं झाली होती. शाळेत हिंदी, कचेरीत हिंदी, बाजारात हिंदी, आणि घरी येऊन चपला काढल्या की मराठी, असं आमचं चालायचं. यजमान कचेरीत कारकून होते आणि मी मुलींच्या प्राथमिक शाळेत शिकवत होते. मोठ्या रस्त्याला लागून दोन खोल्यांचं भाड्याचं घर होतं. मागे लहानसं अंगण आणि अंगणात नळ. नळ आपल्या अंगणात असणं ही त्या काळी मिरवण्यासारखी गोष्ट होती.

लग्नाच्या दुसऱ्या वर्षी सासरे गेले. खैरलांजीकडच्या खेड्यात त्यांची धानाची शेती होती, ती थोरल्या दिरांनी सांभाळली आणि आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, आमच्याकडे राहायला आल्या. तेव्हा त्या साठीच्या आसपास असतील. बसमधून उतरल्या त्या डोक्यावर तांदळाचं गाठोडं आणि काखेत पितळेची गुंडी, म्हणजे पाण्याची कळशी, घेऊन. यजमान गाठोडं घ्यायला पुढे झाले तर म्हणाल्या, "राहू दे, तुले नाही झेपायचं." आणि खरोखर ते गाठोडं एका हाताने उचलताना यजमानांचा चेहरा लाल झाला.

पुढे जे झालं ते आम्ही मायेपोटीच केलं. आयुष्यभर या बाईने गुडघाभर चिखलात वाकून रोवणी केली, धान कांडलं, विहिरीचं पाणी ओढलं. आता तिने बसून खावं, एवढाच आमचा विचार होता. दळण गिरणीत जायचं. पाणी नळाला होतं. त्यांनी झाडू हातात घेतला की मी काढून घ्यायची. बादली उचलली की यजमान ओरडायचे, "आई, ठेव ते. लोक काय म्हणतील?" सुरुवातीला त्या चिडल्या. मग गप्प झाल्या. नंतर त्यांना सवय झाली. खिडकीशी चटई टाकून त्या दिवसभर रस्ता बघत बसायच्या. आधी मुलगा झाला, मग मुलगी. मुलांना मांडीवर घेणं एवढंच काम त्यांच्याकडे उरलं. तीन-चार वर्षांत त्या जमिनीवरून उठताना भिंत धरू लागल्या, मग भिंत आणि माझा हात, दोन्ही धरू लागल्या. आम्ही म्हणायचो, वय झालं.

माझी शाळा सकाळची असे. एके दिवशी अकराच्या सुमारास मी परतले तर समोरचं दार सताड उघडं आणि आत मुलीचं रडणं. मुलगी तेव्हा सव्वा वर्षाची होती. आत गेले तर न्हाणीच्या उंबऱ्याशी आत्याबाई जमिनीवर बसलेल्या, लुगडं ओलं, आणि मुलीच्या झबल्याचं टोक त्यांच्या मुठीत घट्ट धरलेलं. मुलगी सुटायला धडपडत होती आणि रडून रडून घामाघूम झाली होती.

"काय झालं? पडलात?"

"पडली नाही, बाई," त्या म्हणाल्या. "अंग धुवाले बसली होती. मले उठताच नाही आलं."

यजमान त्या दिवशी लवकर बाहेर पडले होते आणि नऊच्या सुमारास हे घडलं होतं. मुलगा शेजाऱ्यांकडे खेळायला गेला होता, तो जाताना दार उघडं टाकून गेला. रस्त्यावरून मॅंगनीजचे ट्रक जात होते. मुलगी दाराकडे रांगत निघाली तेव्हा आत्याबाईंनी बसल्या जागी सरपटत येऊन तिचं झबलं पकडलं, आणि दोन तास सोडलं नाही. मी झबलं सोडवायला गेले तर त्यांची बोटं आखडून गेली होती, एकेक करून उघडावी लागली. तेव्हा त्या रडल्या. चार वर्षांत मी त्यांना पहिल्यांदा रडताना पाहिलं. नवरा गेला तेव्हाही माणसांसमोर रडल्या नव्हत्या.

दवाखान्यात नेलं. हाड कुठे मोडलं नव्हतं. डॉक्टरांनी तेल चोळायला सांगितलं, आराम करायला सांगितला आणि जमिनीवर बसू देऊ नका म्हणाले. आम्ही हातांची लाकडी खुर्ची आणली आणि एक काठी आणली. महिन्याभरात आत्याबाई खुर्चीवरूनही हातांवर जोर देऊन, कण्हत उठू लागल्या.

त्याच महिन्यात मला शिक्षकांच्या प्रशिक्षणाचं पत्र आलं. मी अप्रशिक्षित होते. सिवनीला एक वर्ष राहून ते पुरं केलं तरच नोकरी पक्की होणार होती. अर्ज भरायला पाच-सहा महिन्यांची मुदत होती. पत्र मी घडी घालून डब्यात ठेवलं आणि कोणाला दाखवलं नाही. दोन लहान मुलं आणि स्वतःच्या पायावर उठता न येणारी सासू घरात टाकून मी कुठे जाणार होते?

आमच्या शाळेत एक ड्रिलच्या बाई होत्या. पन्नाशी उलटलेल्या, लग्न न केलेल्या, पांढरं पातळ खोचून कॅनव्हासचे बूट घालणाऱ्या. गळ्यात शिटी असायची. मुली त्यांना वचकून असत आणि खरं सांगायचं तर आम्ही शिक्षिकाही असू. त्या एकदा हजेरीचं रजिस्टर न्यायला घरी आल्या. आत्याबाई पाहुणीच्या मानाने खुर्चीवरून उठायला लागल्या. एकदा अर्ध्या उठल्या, परत बसल्या, दुसऱ्यांदा उठल्या. बाई चहा हातात धरून हे बघत राहिल्या.

"आई, गावी काय काम करत होतात?" त्यांनी विचारलं.

"सारंच," आत्याबाई म्हणाल्या. "रोवणी, कापणी. धान कांडणं. दोन गुंड्या डोक्यावर आन एक काखेत घेऊन येत होती मी."

"आणि इथे?"

आत्याबाईंनी माझ्याकडे बघितलं. त्यांनी तक्रार केली नाही, पण मला त्या बघण्याने चोरट्यासारखं झालं. "इथं सून काही करू देत नाही," त्या म्हणाल्या. "लय चांगली हाये."

बाईंनी कप खाली ठेवला. "तुमच्या पायांना काम राहिलं नाही, म्हणून ते असे झालेत. रोग काही नाही. करून बघायचं का?"

मग त्यांनी माझ्याकडून दोन गोधड्या मागितल्या, घड्या घालून खुर्चीवर ठेवल्या आणि आत्याबाईंना त्या उंच बैठकीवर बसवलं. "आता हात छातीशी घ्या. पाय मागे ओढा, पुढे वाका आणि उठा." आत्याबाई उठल्या. स्वतःच चकित झाल्या. "बसा. धपकन नाही, हळूहळू. पुन्हा उठा." पाच वेळा झालं. पाचव्या वेळी मांड्या थरथरत होत्या आणि कपाळावर घाम आला होता.

"रोज सकाळी पाच, संध्याकाळी पाच," बाई म्हणाल्या. "जमायला लागलं की आठ, मग दहा. दहा सोपे वाटले की एक गोधडी काढायची. मी दर रविवारी येईन."

आणि त्या खरंच आल्या. सगळा हिवाळा, एकही रविवार चुकवला नाही. आमचं त्यांच्याशी नातं नव्हतं, देणंघेणं नव्हतं. मी कधी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही की त्या कशासाठी येत होत्या.

दुसऱ्या रविवारी त्यांनी दाराची चौकट धरून टाचा उचलायला शिकवलं. तिसऱ्या रविवारी वैनगंगेची रेती आणायला लावली. आत्याबाईंच्याच जुन्या लुगड्याच्या लहान थैल्या शिवून त्यांत रेती भरली. खुर्चीवर बसून, घोट्याला थैली बांधून एकेक पाय सरळ उचलायचा. मग दोन्ही हातांत पाण्याचे तांबे घेऊन अंगणात फेऱ्या. काही आठवड्यांनी तांब्यांच्या जागी लहान बादल्या, आधी पाव भरलेल्या. बाई कधी घाई करायच्या नाहीत. "कालच्यापेक्षा थोडंसंच जास्त," एवढं एकच त्या परत परत सांगायच्या.

यजमानांना हे पसंत नव्हतं. "आईले काही झालं तर त्या बाई निस्तरणार हायेत काय?" ते मला म्हणायचे. गावाहून जाऊबाई आल्या, त्यांनी सासूला रेतीच्या थैल्या बांधून बसलेलं पाहिलं आणि तोंडाला पदर लावला. "म्हातारीकडून कवायत करून घेऊन राह्यली काय गं?" आत्याबाईंनीच उत्तर दिलं. "सून काहून करून घेईल? मीच करून राह्यली. तूबी बस. तुले जमते का पाहू दे." जाऊबाई माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठ्या, जाडजूड. हात न लावता खुर्चीवरून त्यांनाही धड उठता आलं नाही. संध्याकाळच्या बसने त्या गावी परतल्या.

समोर एक विधवा म्हातारी राहायची, हिंदी बोलणारी. तीही आधी हसायलाच आली होती. ओसरीच्या खांबाला टेकून बघत उभी राहिली. दोन रविवार असे गेल्यावर ती हळूच म्हणाली, "हम भी बैठें क्या? हमारे घुटने तो इनसे अच्छे हैं." तिचे गुडघे आत्याबाईंपेक्षा चांगले मुळीच नव्हते. पण तेव्हापासून सकाळची उठबस दोघींची मिळून होऊ लागली. एक मराठीत मोजायची, दुसरी हिंदीत, आणि मधेच कोणाचा तरी आकडा चुकला की भांडण.

मी फक्त सासूच्या भल्यासाठी हे सगळं करत होते, असं म्हणाले तर ते खोटं होईल. खुर्चीवरची एकेक गोधडी कमी झाली की मला डब्यातलं पत्र आठवायचं. माझा त्यात स्वार्थ होता आणि त्याची मला लाजही वाटायची. एखाद्या दिवशी त्या कंटाळल्या की मी गोड बोलून त्यांना उठवायची, आणि मग कोपऱ्यात जाऊन स्वतःवर चिडायची.

थंडी सरता सरता मोठा घोटाळा झाला. आत्याबाईंना हुरूप आला होता. कोणी बघत नाही असं पाहून त्यांनी नळाखालची भरलेली गुंडी एका झटक्यात काखेत घ्यायचा प्रयत्न केला. गुंडी पडली, पाणी सांडलं आणि कंबर धरली. आठ दिवस त्या अंथरुणावर होत्या. यजमान फार संतापले. "आता हे सगळं बंद," म्हणाले, आणि रेतीच्या थैल्या अंगणात रिकाम्या केल्या.

रविवारी ड्रिलच्या बाई आल्या. मी दारातच सगळं सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला. आत जाऊन आत्याबाईंच्या उशाशी बसल्या. "माझी चूक झाली," त्या म्हणाल्या. "जमिनीवरचं ओझं कसं उचलायचं ते मी तुम्हाला अजून शिकवलं नव्हतं. ते आधी सांगायला पाहिजे होतं." शाळेत ज्या बाईंपुढे कोणी आवाज काढत नव्हतं, त्यांना मी चूक कबूल करताना बघत होते. यजमान दारात उभे होते, त्यांनीही ऐकलं. मग त्यांनी मला बाईंसाठी चहा ठेवायला सांगितला.

आत्याबाईंनी कूस बदलली. "बाई, आता किती दिवसांनी सुरू करायचं?" त्यांनी विचारलं.

"दुखणं थांबलं की. पण पुन्हा पहिल्यापासून."

"मग गोधड्या काढून ठेव गं," आत्याबाई मला म्हणाल्या.

पुन्हा दोन गोधड्यांपासून सुरुवात झाली. यावेळी बाईंनी ओझं उचलण्याची रीत शिकवली: ओझ्याच्या अगदी जवळ उभं राहायचं, कंबरेतून नाही तर गुडघ्यांतून वाकायचं, वस्तू अंगाशी घ्यायची आणि पायांच्या जोरावर उठायचं. आधी रिकामी बादली, मग पाव, मग अर्धी. रेतीच्या थैल्या यजमानांनी स्वतः परत भरून दिल्या.

चैत्रात खुर्ची सुटली आणि तिच्या जागी कपड्यांची पत्र्याची पेटी आली. पेटीनंतर एकावर एक ठेवलेले दोन पाट. आणि एके सकाळी मी चुलीशी भाताची पेज काढत असताना आत्याबाई जेवणाच्या एका पाटावर बसल्या, एक पाय मांडीखालून काढून पुढे रोवला, एक हात गुडघ्यावर ठेवला आणि उठून उभ्या राहिल्या. भिंतीला हात लावला नाही. मग परत बसल्या आणि परत उठल्या. मी हातातला चाटू तसाच धरून बघत राहिले.

"पाह्यलं?" त्या म्हणाल्या.

"हौ," मी म्हणाले.

"मग आता तो फारम भर."

मी दचकले. "कोणता फॉर्म?"

"डब्यातला. मले वाचता नाही येत, पण लपवलेला कागद समजते. पोराले दाखवला होता मी, त्यानं वाचून सांगितला." यजमानांनाही माहीत होतं तर! आणि दोघांनी मला पाच महिने काही कळू दिलं नव्हतं. "जा तू सिवनीले. एका वर्षानं काय होते? लेकरं मी पाहीन."

मी जुलैत गेले. मुलाला बालवर्गात घातलं होतं, मुलगी दोन वर्षांची. बस सुटली तेव्हा मुलगी आत्याबाईंच्या कडेवर होती. ती हात पसरून रडत होती आणि आत्याबाई तिला सावरत ताठ उभ्या होत्या. सहा-आठ महिन्यांपूर्वी या बाईला रिकाम्या हातांनीही उठून उभं राहता येत नव्हतं, हे बसमधल्या कोणाला सांगितलं असतं तर पटलं नसतं.

त्या वर्षात मी सुटीला चार वेळा घरी आले. उन्हाळ्याच्या तोंडाशी आले तेव्हा नळाचं पाणी गेलं होतं आणि लोक गल्लीतल्या विहिरीवर जात होते. बसस्टँडवरून घराकडे येताना माझ्या पुढे एक बाई दोन्ही हातांत बादल्या घेऊन चालली होती. पाठ सरळ, पाऊल बेताचं, पाणी हिंदकळत नव्हतं. मनात म्हटलं, कोणीतरी नवी कामवाली दिसते. ती आमच्या दारात वळली तेव्हा कळलं. मी हाक मारली नाही. रस्त्यातच ट्रंकेवर बसले.

त्याच सुटीत समोरच्या म्हातारीने मला एक गोष्ट सांगितली, जी घरच्यांनी पत्रात लिहिली नव्हती. थंडीत मुलीला गोवर आला होता आणि ताप डोक्यात चढला. यजमान कचेरीच्या कामाने वारासिवनीला गेले होते. रिक्षा मिळेना. आत्याबाईंनी नातीला दुपट्यात गुंडाळून खांद्याशी घेतलं आणि दवाखान्यापर्यंत चालत गेल्या, वाटेत फक्त एकदा टेकल्या. तीन दिवस तिथेच जमिनीवर तिच्या खाटेशी झोपल्या. "रात में चार-चार बार उठती थी बच्ची के लिए," म्हातारी सांगत होती. "हम देखने गये थे ना."

मी घरी येऊन रागावले. "मला कळवायला नको होतं?"

"कळवलं असतं तर तू शिक्षण टाकून आली असती," आत्याबाई शेंगा सोलत म्हणाल्या. "आन इथं येऊन काय केलं असतं? मी होती ना."



मी पास झाले, नोकरी पक्की झाली. पुढे त्याच नोकरीवर मुलांची शिक्षणं झाली, डोक्यावर स्वतःचं छप्पर झालं. ड्रिलच्या बाई तीन वर्षांनी निवृत्त झाल्या आणि भावाकडे नागपूरला जायला निघाल्या. स्टेशनवर त्यांना पोचवायला आत्याबाई आल्याच. छोट्या गाडीचा, म्हणजे नॅरोगेजचा, डबा, पायऱ्या अरुंद. बाईंची लोखंडी ट्रंक उचलायला हमाल दिसेना. आत्याबाई ट्रंकेजवळ गेल्या, गुडघ्यांतून वाकल्या, ट्रंक अंगाशी घेतली आणि मी दुसरी कडी धरायच्या आत ती डब्याच्या दारात टेकवली. त्या बाईंपेक्षा दहा वर्षांनी मोठ्या होत्या. बाई खिडकीत बसल्या आणि चष्मा काढून पुसत राहिल्या. आम्ही दोघींनी त्यांना नमस्कार केला. जे बोलायचं होतं ते मी मनात जुळवून आणलं होतं, पण गाडी हलली आणि मी फक्त एवढंच म्हणू शकले, "बाई, पोचल्याचं पत्र टाका." त्यांनी टाकलं. त्यात शेवटी विचारलं होतं, आईंचं उठणं-बसणं चालू आहे ना?

चालू होतं. पुढची सात-आठ वर्षं रोज सकाळी चालू राहिलं. समोरची म्हातारी तिच्या मुलाकडे निघून गेली, तेव्हा आत्याबाईंनी माझ्या मुलीला मोजायला बसवलं. शेवटचं आजारपण पंधरा दिवसांचं. त्याआधीच्या महिन्यापर्यंत त्या स्वतःच्या हाताने अंगावर पाणी घेत होत्या, स्वतः उठत होत्या, स्वतःचं ताट स्वतः उचलत होत्या. त्यांना त्याचा किती अभिमान होता ते मला माहीत आहे, कारण मी ताट उचलायला हात पुढे केला की त्या माझ्या हातावर हलकीच चापट मारायच्या.

एकदाच मी त्यांचे आभार मानायचा प्रयत्न केला. दुपार होती, आम्ही अंगणात लाखोळीची डाळ पाखडत होतो. मी म्हटलं, "आत्याबाई, तुम्ही माझ्यासाठी त्या वर्षी फार केलंत."

त्यांनी सूप थांबवलं. "तुझ्यासाठी?" त्या म्हणाल्या. "मी न्हाणीत बसली होती ना त्या दिशी, मले वाटलं आता आपलं झालं. मंग तुले जायचं होतं म्हणून मले उठा लागलं. तू नसती गेली तर मी कायले उठली असती?"

आणि त्या पुन्हा सूप हलवू लागल्या. कोंडा वाऱ्यावर उडत अंगणभर पसरत होता, आणि मी सरकून त्यांच्या आणखी जवळ बसले.